मंजुरी संपते १० जूनला, फेरफार होतो १९ जूनला: रत्नागिरीतल्या एका घरखरेदीचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरीहून पावसकडे जाताना लागणाऱ्या एका गावात साडेचार गुंठे बिनशेती जागा, तिच्यात १९९८ साली बांधलेलं चिरेबंदी घर. ठरलेली किंमत ४२ लाख. घेणारं जोडपं रत्नागिरीतच नोकरीला, दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ६२,००० रुपये. १२ मार्च २०२५ रोजी बँकेने ३३ लाखांचं गृहकर्ज मंजूर केलं. मुदत २० वर्षं, व्याज रेपोशी जोडलेलं: रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते तो दर) ६.२५ टक्के आणि वर बँकेची स्वतःची भर, म्हणजे स्प्रेड, २.५०, मिळून ८.७५ टक्के. हप्ता २९,१६२ रुपये. प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के, म्हणजे ११,५५० रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून १३,६२९. ती परत मिळत नाही. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती: पहिलं वितरण ९० दिवसांत न झाल्यास मंजुरी रद्द समजावी. म्हणजे १० जून.

प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. माणसं आणि रकमा कुणा एकाच्या नाहीत. तारखा मात्र २०२५ च्या पंचांगाशी, सुट्ट्यांशी आणि रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जुळवून घेतल्या आहेत, कारण अशा व्यवहारात सगळा खेळ तारखांचाच असतो.

मंजुरी कशाची होती?

मार्चमधलं पत्र फक्त उत्पन्न आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) पाहून दिलेलं होतं. जागेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन व्हायचं होतं. बहुतेकांची इथेच फसगत होते. सँक्शन लेटर आलं म्हणजे बँकेने घरही पाहिलं, असा समज होतो. प्रत्यक्षात बँकेने तोवर फक्त कर्जदार पाहिलेला असतो. आणि ९० दिवस मोजायला सुरुवात होते ती पत्राच्या तारखेपासून, सर्च रिपोर्ट आल्यापासून नव्हे.

बँकेच्या पॅनेल वकिलाचा ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल, ११ एप्रिलला आला. नव्वदातले तीस दिवस तिथेच गेले. त्यातला मुख्य शेरा असा: सातबारावर खातेदार म्हणून जे नाव आहे ती व्यक्ती २०१६ साली वारली आहे, वारस नोंद झालेली नाही, म्हणून वारस नोंद झालेला सातबारा आणि सर्व वारसांच्या सह्यांचं खरेदीखत आवश्यक.

हे कळायला वकील लागत नव्हता. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यावरचं नाव आणि समोर व्यवहाराला बसलेला माणूस वेगळा असेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा. कोकणात तर हे अपवादाने नव्हे, नेहमीच आढळतं. आजोबांचं नाव सातबारावर, मुलगे मुंबईला, नातू आखातात, आणि घराची किल्ली गावातल्या एका भावाकडे. व्यवहार किल्ली असलेल्या भावाशी ठरतो, मालकी मात्र पाचसहा ठिकाणी विखुरलेली असते.

या घराची वंशावळ अशी. वडील २०१६ साली वारले, आई त्याआधीच, २०१२ साली. वडिलांमागे दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा २०२१ मध्ये वारला. त्याच्या मागे पत्नी आणि एक मुलगा, तो कुवेतला नोकरीला. धाकटा गावात राहतो, व्यवहार त्यानेच ठरवलेला. मुलगी डोंबिवलीला. हिस्से पडले असे: धाकटा एक तृतीयांश, मुलगी एक तृतीयांश, थोरल्याची पत्नी आणि मुलगा प्रत्येकी एक षष्ठांश. खरेदीखतावर चौघांच्या सह्या हव्यात.

मंजुरी आली त्याच आठवड्यात शिमगा होता. डोंबिवलीची ताई पालखीला गावी आलेली होती. मुखत्यारपत्र किंवा निदान ओळखीची कागदपत्रं तेव्हाच घेता आली असती. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण वारसांचा प्रश्न आहे हे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

साठेखताचं घड्याळ

२४ मार्चला ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करण्याचा करार, झालं. विसार २ लाख, खरेदीखताची मुदत ७५ दिवस. म्हणजे ७ जून. सही फक्त धाकट्या भावाची, दस्त नोटरी केलेला, नोंदणी नाही.

यात तीन दोष आहेत. नोटरी केलेल्या साठेखतावर कुठलीही बँक पैसे सोडत नाही, नोंदणीकृत दस्तच लागतो. दुसरं, एकट्या हिस्सेदाराने संपूर्ण मिळकत विकायचं कबूल केलेलं. त्याचा अधिकार एक तृतीयांशापुरता, त्यामुळे बाकीचे तिघे या कागदाने बांधले जात नाहीत. तिसरं, ७ जून २०२५ ला शनिवार आणि बकरी ईद. त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालय बंद. मुदतीची तारीख लिहिताना समोर कॅलेंडर ठेवलं की ही गोष्ट टळते.

१ एप्रिलला रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला मिळकतीचा दर) वाढेल म्हणून साठेखताची घाई केली, असंही सांगितलं जातं. नोटरीने त्यात काही साधत नाही, बाजारमूल्य नोंदणीच्या दस्ताला लागतं. इथे ठरलेली किंमत रेडीरेकनरपेक्षा बरीच वर होती, म्हणून फरक पडला नाही.

फेरफाराला लागणारे दिवस

सुदैवाने १ एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू होती. मयत खातेदारांच्या वारस नोंदी करून घ्यायच्या, हाच तिचा उद्देश. १७ एप्रिलला अर्ज गेला. सोबत दोन्ही मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चौघांचे पत्ते आणि आधार.

मृत्यू दोन, म्हणून वारसाहक्कही दोनदा उतरलेला. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, दोन फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावबदलाच्या नोंदी, धरले: आधी वडिलांचे वारस, मग थोरल्या मुलाचे. पहिला ५ मे रोजी धरला. हितसंबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस हे महसूल संहितेच्या कलम १५० चं गणित आहे, ते कुणाच्या ओळखीने कमी होत नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली २६ मे रोजी. त्यानंतर दुसरा फेरफार २८ मे रोजी धरला गेला. हरकतीची मुदत १२ जून, प्रमाणित १९ जून. मंजुरी संपल्यावर नऊ दिवसांनी.

मध्ये एक अडचण आली ती नावाची. अर्जात ताईचं माहेरचं नाव, आधार आणि पॅनवर सासरचं. नोंद माहेरच्या नावाने प्रमाणित झाली असती, तर खरेदीखताच्या वेळी निबंधकापुढे एकाच बाईची दोन नावं उभी राहिली असती आणि दुरुस्तीसाठी तहसीलदाराकडे कलम १५५ खाली वेगळा अर्ज करावा लागला असता. नोटिशीच्या पंधरा दिवसांतच विवाह नोंदणी दाखला देऊन दोन्ही नावं फेरफारात घालून घेतली. ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर नोटीस प्रसिद्ध होते. ती आली त्याच दिवशी उघडून नावांचं अक्षर न् अक्षर तपासायचं. प्रमाणित व्हायच्या आत चूक दुरुस्त करणं सोपं, नंतर महिने जातात.

मेअखेरचा ‘उपाय’

मेच्या शेवटच्या आठवड्यात धाकट्या भावाने सुचवलं: नोंदी होतील मागाहून, खरेदीखत आत्ताच उरकून घेऊ. आम्ही तिघं सह्या करतो, पुतण्याचं संमतीपत्र व्हॉट्सॲपवर मागवू. बँकेची मुदतही वाचेल.

यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. वारसाला मालकी मिळते ती मृत्यूच्या क्षणी. फेरफार हा फक्त महसुली नोंदीचा भाग, त्याने मालकी जन्माला येत नाही. त्यामुळे चारही वारसांनी सही केलेलं खरेदीखत फेरफाराआधीही कायद्याने होऊ शकतं. पण तिघांच्या सहीने पाच षष्ठांशच विकले जातात. उरलेला एक षष्ठांश पुतण्याच्या नावावर राहतो, आणि तो उद्या सहहिस्सेदार म्हणून वाटप मागू शकतो. व्हॉट्सॲपवरच्या संमतीपत्राला हस्तांतरणाच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. शिवाय वकिलाचा शेरा उभा असताना बँक पैसे देणारच नव्हती. म्हणजे मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च झालेला, घरात सहहिस्सेदार शिरलेला आणि कर्ज अडलेलंच.

आमच्या मते या प्रकरणातला खरा धोका १० जून नव्हता, हा सल्ला होता. मंजुरी मेली तर १३,६२९ रुपये पुन्हा भरावे लागतात आणि महिनाभराचा त्रास होतो. अपुऱ्या सह्यांचं खरेदीखत निस्तरायला दिवाणी कोर्टात वर्षं जातात. मुदत वाचवायची म्हणून दस्ताची गुणवत्ता कधीही खाली आणायची नाही.

मुदतवाढ केव्हा मागायची

या बँकेचा नियम होता एकदाच मुदतवाढ, ६० दिवसांची, आणि ती मोजायची जुनी मुदत संपल्यापासून. शुल्क २,५०० अधिक जीएसटी. बँकेगणिक हे बदलतं: कुठे ३०, कुठे ९० दिवस, कुठे मुदतवाढ नाहीच, थेट नवा अर्ज. म्हणून मागण्याआधी तीन गोष्टी शाखेकडून ईमेलवर लिहून घ्यायच्या: किती वेळा, किती दिवस, आणि कोणत्या तारखेपासून.

एप्रिलमध्येच अर्ज टाकून मोकळं व्हावं असा मोह होतो. पण मुदतवाढ एकदाच मिळत असेल तर शेवटची तारीख नक्की झाल्याशिवाय ती वापरायची नाही. इथे शेवटची तारीख फेरफारावर नव्हे, कुवेतवर अवलंबून होती. पर्याय दोन होते. पुतण्या गणपतीला येणार होता. चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे २५ ऑगस्टच्या सोमवारी सगळे वारस गावातच असते आणि मुखत्यारपत्राची भानगडच नव्हती. पण १० जूनपासून ६० दिवस म्हणजे ९ ऑगस्ट. गणपतीपर्यंत थांबायचं तर मंजुरी मरू द्यायची आणि जुलैत नवा अर्ज करायचा. दुसरा पर्याय, कुवेतमधल्या भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र करून जुलैअखेर व्यवहार उरकायचा.

गणपतीचा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. वारस पाचसहा असतील, त्यात एकदोघांचं मन डळमळीत असेल, तर सगळ्यांना समोर बसवून एकाच दिवशी सह्या घेणं हजार पटींनी बरं. पण इथे चौघांचं एकमत होतं, अनुपस्थित एकच, म्हणून मुखत्यारपत्राचा रस्ता धरला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची: ९ ऑगस्ट २०२५ हा दुसरा शनिवार, बँक बंद. कामकाजाचा शेवटचा दिवस ८ ऑगस्ट. वितरणाला नोंदणीनंतर तीनचार दिवस लागतात असं धरलं तर खरेदीखताची शेवटची सुरक्षित तारीख १ ऑगस्टच्या आसपास येते. मुदतीपासून असं उलटं मोजत यायचं.

२ जूनला, मुदत संपायच्या आठ दिवस आधी, अर्ज गेला. मजकूर असा:

‘१२ मार्च २०२५ च्या मंजुरीची मुदत १० जून रोजी संपते. आपल्या पॅनेल वकिलांनी ११ एप्रिलच्या अहवालात मागितलेल्या वारस नोंदींपैकी पहिली २६ मे रोजी प्रमाणित झाली आहे, उतारा सोबत. दुसरी २८ मे रोजी धरली असून हरकतीची मुदत १२ जूनला संपते, नोटिशीची प्रत सोबत. कुवेतस्थित सहविक्रेत्याचे मुखत्यारपत्र १५ जुलैपर्यंत मुद्रांकित होऊन येणे अपेक्षित आहे, मसुदा आपल्या वकिलांच्या मान्यतेसाठी सोबत. साठेखताची मुदत १४ ऑगस्टपर्यंत वाढवणारा, चारही विक्रेत्यांचा पुरवणी करार करत आहोत. आमच्या नोकरीत व पगारात बदल नाही. ३० एप्रिल रोजी दुचाकीसाठी कर्ज घेतले असून त्याचा हप्ता ३,९०० रुपये आहे. तरी ६० दिवसांची मुदतवाढ मिळावी.’

‘काही कारणास्तव विलंब होत आहे’ असं लिहिलेला अर्ज शाखेतच पडून राहतो, कारण वरच्या कार्यालयाला पाठवण्यासारखं त्यात काही नसतं. प्रत्येक वाक्याला तारीख आणि प्रत्येक तारखेला कागद असेल तर फाइल पुढे सरकते. पुरवणी कराराची मुदत मुद्दाम बँकेच्या मुदतीपुढे ठेवलेली आहे. विक्रेत्याचं घड्याळ बँकेच्या घड्याळाआधी थांबलं, तर विसारावर गदा येते. आणि साठेखतावर आधी फक्त धाकट्या भावाची सही होती. पुरवणी कराराच्या निमित्ताने मुलगी आणि थोरली सून हजर राहून सही करून गेल्या, पुतण्याने आपली प्रत कुवेतहून सही करून पाठवली. जुना दोष काही अंशी भरून निघाला.

मुदतवाढ म्हणजे पुन्हा तपासणी

मुदतवाढ मागितली की बँक नव्या पगारचिठ्ठ्या, नवे खातेउतारे आणि नवा सिबिल काढते. दुचाकीचं कर्ज तिथे दिसणारच होतं. अर्जात आधीच लिहिलं हे बरं झालं, लपवलेला हप्ता सापडला की फाइलकडे पाहण्याची नजरच बदलते. मूल्यांकनही नव्याने करायचं ठरलं, कारण पहिला अहवाल एप्रिलमधला होता.

पाऊस त्या वर्षी लवकर आला. २५ मेलाच मोसमी पाऊस तळकोकणात पोचला होता. मूल्यांकनकार जूनच्या मध्याला गेला तेव्हा उत्तरेकडचा गडगा (दगडी कुंपण) ढासळलेला, मागच्या पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी जोत्याला टेकलेलं, खालच्या चिऱ्यांना ओल. एप्रिलमध्ये ४२ लाख ५० हजार म्हणणारा अहवाल आता ४० लाखांवर आला. ठरलेली किंमत आणि मूल्यांकन यांत जी रक्कम कमी, ती बँक धरते. आणि ३० लाखांवर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने मिळकतीच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. ४० लाखांचे ८० टक्के म्हणजे ३२ लाख. कर्ज एका फटक्यात लाखाने कमी झालं.

अहवालाला आव्हान देता येतं, पण क्षेत्रफळ चुकलं, बांधकामाचं वय चुकलं अशा वस्तुस्थितीच्या चुकीवरच. ओल खरीच होती. ती भांडून कोरडी होत नाही. उलट गडग्याच्या आणि ओलीच्या दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हे विक्रेत्यांशी तेव्हाच बोलून पुरवणी करारात घातलं, हा या दुसऱ्या मूल्यांकनाचा फायदा.

आता व्याज. ९ एप्रिलला रेपो ६.२५ वरून ६.०० झाला आणि ६ जूनला ५.५०. अनेकांना वाटलं, मुदत संपली ते बरंच झालं, नवी मंजुरी स्वस्त पडेल. तसं नसतं. रेपोशी जोडलेलं कर्ज मार्चमध्ये घेतलं असतं तरी त्याचा दर निदान तीन महिन्यांतून एकदा आपोआप बदललाच असता. पाऊण टक्का दोन्हीकडे मिळतो. जुन्या मंजुरीत जपण्यासारखी गोष्ट असते ती स्प्रेड. चालू कर्जाच्या स्प्रेडला बँकेने मनाला येईल तेव्हा हात लावू नये असे नियम आहेत. पण वितरण न झालेल्या मंजुरीत ती तो नव्याने ठरवू शकते.

झालं तसंच. दुचाकीच्या कर्जामुळे सिबिलचा आकडा एका टप्प्याखाली उतरला आणि मुदतवाढीच्या पत्रात स्प्रेड २.५० चा २.७५ झाला. दर ८.२५. या बँकेत सर्व हप्ते मिळून पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत चालत, म्हणजे ३१,००० रुपये. ३२ लाखांचा ८.२५ टक्क्यांनी हप्ता २७,२६६, त्यात दुचाकीचे ३,९००, बेरीज ३१,१६६. मर्यादेच्या वर १६६ रुपये. जुन्या स्प्रेडने, म्हणजे ८ टक्क्यांनी, हप्ता २६,७६६ आणि बेरीज ३०,६६६ आली असती. म्हणजे बसली असती.

वाटा तीन. दुचाकीचं कर्ज फेडून टाकायचं: त्याला ऐंशी हजारांवर रोख लागत होती आणि ती रोख आता घरासाठीच कमी पडत होती. कर्जाची मुदत २० वरून २१ वर्षं करायची: हप्ता उतरतो, एकूण व्याज वाढतं. किंवा कर्ज २० हजारांनी कमी घ्यायचं. ३१ लाख ८० हजारांचा हप्ता २७,०९६, दुचाकीसह ३०,९९६. चार रुपये राखून बसला. तिसरी वाट धरली. स्वतःची भर ९ लाखांवरून १० लाख २० हजारांवर गेली. पाव टक्क्याचा फरक महिन्याला ४९७ रुपये. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर घेतलेल्या दुचाकीने एवढं केलं. मंजुरी आणि वितरण यांच्या मधल्या काळात मोबाइलसुद्धा हप्त्यावर घेऊ नये.

स्प्रेड वाढवण्याचं कारण लेखी मागितलं, ते मिळालं, पण दर बदलला नाही. मुदतवाढीबरोबर नवं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ही मागून घ्यायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत देणं बंधनकारक आहे, त्यात स्प्रेड, शुल्क, विमा सगळं एका ठिकाणी दिसतं. इथे त्यात कर्ज विम्याचा हप्ता गुपचूप आला होता, सांगितल्यावर काढला. बदलत्या दराच्या गृहकर्जाला व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे वर्षभराने सिबिल सुधारल्यावर दुसऱ्या बँकेत जायची वाट मोकळी राहते.

कुवेतचं मुखत्यारपत्र आणि विसरलेला कर

मसुदा आधी पॅनेल वकिलाकडून मान्य करून घेतला, हे सगळ्यात कामाचं ठरलं. ‘माझी गावची सर्व मिळकत’ असं मोघम लिहिलेलं मुखत्यारपत्र दूतावासात होतं, निबंधकाकडेही कदाचित चालतं, पण बँक परत पाठवते. गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा, खरेदीदारांची नावं, किंमत, खरेदीखतावर सही करून निबंधकापुढे कबुली देण्याचा स्पष्ट अधिकार, हे सगळं हवं. मोबदला मात्र मुखत्याराने घ्यायचा नाही, असंही त्यात घातलं. मुखत्यार म्हणून आई, म्हणजे थोरली सून.

२२ जूनला दूतावासात साक्षांकन, १ जुलैला मूळ प्रत रत्नागिरीत. देशाबाहेर केलेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. ते १० जुलैला झालं. खरेदीखताच्या दिवशी मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि अधिकार रद्द केलेला नाही, असं घोषणापत्र सोबत लागतं. बँकेने त्याखेरीज पुतण्याशी व्हिडिओ कॉलवर खात्री केली.

मग कर. किंमत ५० लाखांच्या खाली, म्हणून टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कर कापून घेण्याचा, प्रश्न नाही, असं सगळे धरून चालले होते. एक टक्क्याचा तो नियम निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला ५० लाखांची सूट लागू नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९५ खाली खरेदीदाराने कर कापायचा. पुतण्याचा हिस्सा ४२ लाखांचा सहावा भाग, ७ लाख. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे १३ टक्के. कर खरा नफ्यावर, पण नफा किती हे खरेदीदाराने स्वतःच ठरवणं जोखमीचं. कमी कपातीचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आणायला जो वेळ लागतो तो ९ ऑगस्टच्या आत बसत नव्हता. म्हणून पूर्ण ७ लाखांवर ९१,००० कापले. जास्तीचा कर तो विवरणपत्र भरून परत मागेल. यासाठी खरेदीदाराला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागला. ६ लाख ९ हजार गेले ते पुतण्याच्या स्वतःच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात, आईच्या बचत खात्यात नव्हे. पैसे ऑगस्टमध्ये दिले, म्हणून कर भरायची मुदत ७ सप्टेंबर. तिमाही विवरण २७क्यू, ३१ ऑक्टोबरपर्यंत.

खरेदीदाराने हा कर कापला नाही तर वसुली खरेदीदाराकडूनच होते. आखातातला वारस असलेल्या प्रत्येक कोकणी व्यवहारात हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

नोंदणी आणि वितरण

निबंधकाकडे २४ जुलैचा स्लॉट सहज मिळत होता. मिळणारच, दीप अमावास्या होती. विक्रेत्यांनी नको म्हटलं, आणि हातात दिवस होते म्हणून श्रावणातला पहिला सोमवार, २८ जुलै, धरला. हातात दिवस नसते तर अमावास्येलाच सही करायचा आग्रह धरावा लागला असता.

त्याआधी वकिलाने सर्च आजपर्यंतचा करून दिला, नव्या सातबारावर चौघांची नावं आणि ‘प्रलंबित फेरफार: नाही’ हे पाहून. ही ओळ महत्त्वाची. जुना सातबारा स्वच्छ असतो आणि खाली एखादा फेरफार अडकलेला असतो. महिला खरेदीदाराला मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, पण घर पतीपत्नीच्या जोडनावाने घेतल्यामुळे ती लागू झाली नाही. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये, इथे ३०,०००.

पैसे १ ऑगस्टला सुटले, चार विक्रेत्यांच्या चार खात्यांत, हिश्शाप्रमाणे. व्याज त्या दिवसापासून सुरू. बँकेने पे ऑर्डर आधीच्या तारखेला काढून ठेवून व्याज लावलं, तर ते परत मागायचं. पैसे प्रत्यक्ष हातात पडण्याआधीचं व्याज घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बजावलेलं आहे.

मूळ दस्त ठेवून गहाण झाल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांच्या आत ऑनलाइन भरायची. ती सहसा बँकच भरते, पण पावती आपण मागून ठेवायची. खरेदीचा फेरफार नोंदणीवरून आपोआप तलाठ्याकडे जातो. त्यालाही नोटीस आणि पंधरा दिवस आहेतच, आणि नव्या नावाचा सातबारा व घरपट्टीचा नमुना ८ बँकेला वितरणापासून तीन महिन्यांत द्यायची अट मंजुरीपत्राच्या शेवटच्या पानावर होती.